तापती खोली

सुदृढ बालक स्पर्धेत आमच्या रुंजीला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. स्पर्धा आमच्याच 'हिमांगण' इमारतीच्या सभागृहात होती. वजन, उंची, दात, लसी हे सगळीकडे असतं ते होतंच, पण आमच्याकडे एक खास गोष्ट तपासायचे, ती म्हणजे घामोळं. अकोल्याच्या उन्हाळ्यात मानेवर घामोळं नाही असं लेकरू शोधून सापडायचं नाही, आणि आमच्या इमारतीत मात्र एकालाही ते नव्हतं. परीक्षक बाईंनी रुंजीची मान, पाठ, काखा पाहिल्या आणि लोण्यासारखी कातडी आहे हो, असं कौतुकाने म्हणाल्या. केतकी, म्हणजे माझी भावजय, लाजून हसली. अडीच वर्षांची रुंजी बक्षिसाचा डबा डोक्यावर ठेवून नाचली. घर थंड म्हणून पोरगी नितळ, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ लावला आणि पेढे खाल्ले.

घर थंड होतं यात शंका नाही. माझा धाकटा भाऊ निरंजन ती इमारत बांधणाऱ्या अभियंत्यांपैकी एक. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मलाच काही शिकवायची संधी त्याला फार आवडायची. भिंतींच्या गिलाव्यात एक मीठ मिसळलेलं होतं. ते अठ्ठावीस अंशांना वितळतं. बर्फ वितळताना उष्णता पितो आणि स्वतः मात्र गारच राहतो, तसंच हे मीठ दिवसभर उन्हाची उष्णता पीत वितळत राहतं आणि रात्री पुन्हा गोठतं. दुसरी करामत छतावर आणि पश्चिमेच्या भिंतीवर. तिथे एक पातळ पापुद्रा चिकटवलेला होता. तो उष्णता अशा लहरींच्या रूपात बाहेर टाकतो की ज्यांना हवा अडवत नाही. त्या लहरी थेट आकाशापलीकडे निघून जातात, म्हणून भर दुपारी, शेजारच्या गच्चीवर पाय ठेववत नसताना, आमचं छत हवेपेक्षाही गार असायचं. वीज लागायची ती इतर इमारतींच्या जेमतेम पाचवा हिस्सा. सत्तेचाळीस अंशांच्या शहरात ही काही थट्टा नव्हती.

अट एकच, इमारत बंद राहिली पाहिजे. खिडक्या उघडत नसत. मुख्य दार दुहेरी होतं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. किराणा दुकान, बालवाडी, काचेखालची बाग, सगळं आतच. फेब्रुवारी संपला की मोठी माणसं कामापुरती बाहेर जात, लेकरं दिवाळीनंतरच बाहेर पडत.

केतकीला हे सगळं किती हवं होतं, ते मला ठाऊक आहे. तिचं पहिलं बाळ, मुलगा, जुन्या शहरातल्या भाड्याच्या घरात गेला. सव्वा महिनाही झाला नव्हता. मे महिन्यात भर दुपारी सगळ्या भागाची वीज गेली, आणि ती पोर ओली लुगडी खिडक्यांना बांधून, सुपाने वारा घालत बसून राहिली. संध्याकाळी वीज आली तेव्हा बाळ नव्हतं. त्या दिवसाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. वर्षभराने हिमांगण उभी राहिली आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, मी दुसऱ्यावर. रुंजी तिथेच वाढली. केतकीने तिला उन्हाची झळ म्हणून लागू दिली नाही.

केतकीची आई सुनंदाबाई, अकोटाच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. रुंजीच्या वेळी त्या बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी आणि गोवऱ्या घेऊन आल्या. बाजेखाली शेगडी ठेवायची खोटी, की भिंतीतल्या यंत्रणेला आग लागल्याचा वास आला आणि छतातून गार वारा सुटला. तीनदा असं झालं. तुमच्या घरात बाळंतीण राह्यते का भाजीपाला, असं म्हणून विहीणबाई शेगडी उचलून गावाला गेल्या. आम्ही त्यावर वर्षभर हसलो.

रुंजी तीन वर्षांची झाली आणि केतकीला पुन्हा सातवा महिना लागला. सुनंदाबाईंनी डोहाळजेवण माहेरीच करायचं असा हट्ट धरला. मार्चचा पहिला आठवडा होता, गाडी थंड होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. अंगणात रुंजीच्या मामाची पोरं पळत होती, रुंजीही पळाली. इतकं मोठं अंगण तिने उन्हात कधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळाने ती येऊन माझ्या मांडीला टेकली. तोंड लालबुंद झालेलं आणि डोळे जड. दमली असेल, असं मला वाटलं. सुनंदाबाईंनी सहज तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबवला.

"ताई, हिच्या आंगाले घामाचा टिपूस नाही वो," त्या म्हणाल्या. "तवा तापून रायला जसा."

तेवढ्यात रुंजीला झटका आला. आम्ही तिला उचलून विहिरीच्या मोटारीच्या पाण्याखाली धरलं आणि तशीच ओल्या चादरीत गुंडाळून अकोल्याला आणली. दोन दिवसांनी तिने डोळे उघडून पाणी मागितलं.

मुलांच्या डॉक्टर तस्नीम काझी हुशार बाई. रुंजीला बरं करून त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आठवड्याने तिला आणि मामाच्या मुलाला एकत्र बोलावलं. दोघांच्या पाठीला आयोडीन लावलं, वर मक्याच्या पिठाची भुकटी भुरभुरली आणि एका उबदार खोलीत बसवलं. घाम जिथे फुटतो तिथे भुकटी काळीनिळी होते. मामाच्या पोराची पाठ बघता बघता खसखस सांडावी तशी ठिपक्यांनी भरून गेली. रुंजीच्या पाठीवर इथे एक, तिथे एक, असे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच ठिपके उमटले. केतकी त्या पाठीकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विज्ञान शिकवूनही कधी वाचलं नव्हतं. घामाच्या ग्रंथी प्रत्येक बाळ जन्मतःच घेऊन येतं, अगदी लाखोंनी. पण त्या सगळ्या कामाला लागत नाहीत. पहिल्या दोन-अडीच वर्षांत शरीराला किती उकाडा सोसावा लागतो, त्यावरून शरीर ठरवतं की आपल्याला किती घाम लागणार. तेवढ्या ग्रंथी जाग्या होतात. बाकीच्या निजलेल्या राहतात, त्या कायमच्या. मोठेपणी हिमांगणात राहायला आलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना काही धोका नव्हता, आमच्या ग्रंथी आमच्या आईबापांच्या पत्र्याच्या घरांनी केव्हाच जाग्या केल्या होत्या. धोका तिथे जन्मलेल्यांना होता. घामोळं यायला आधी घाम यावा लागतो, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

"आता काही करता येईल का?" निरंजनने विचारलं.

रुंजीसाठी नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तिला जन्मभर उन्हापासून जपावं लागेल. मग त्यांनी केतकीच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की याच्यासाठी मात्र वेळ आहे. ऊन नको, पण उकाडा हवा. खेड्यातल्या लेकराला मिळतो तेवढा, रोज, दोन-अडीच वर्षं.

इमारतीत जन्मलेल्या सगळ्या लेकरांची तपासणी झाली आणि सगळ्यांच्या पाठी तशाच निघाल्या. सभा बोलावली गेली. कोणी म्हणालं, डॉक्टरला प्रसिद्धी पाहिजे. कोणी म्हणालं, आता शाळा, बस, सगळंच थंड होणार आहे, घाम हवाय कोणाला? आमच्या समितीचे सचिव तर हसत मला म्हणाले, घाम गाळायचे दिवस गेले, मॅडम. कोणी हसलं नाही. ज्यांच्या कडेवर लेकरं होती ती माणसं खाली बघत उठून गेली.

घरी आल्यावर निरंजनने आपलं मत मांडलं. तो काही निर्दय नाही, उलट फार हळवा आहे, आणि त्याचं म्हणणं मला तेव्हा पटतही होतं. एकीला घाम नाही, दुसऱ्यालाही नसला तर काय बिघडलं? दोघं याच घरात, एकमेकांच्या सोबतीने वाढतील. रुंजीला ज्या घरात राहायचं आहे त्याच घरात तिचं भावंड राहील. एका लेकराला मुद्दाम तापवायचं, हे त्याला अमानुष वाटत होतं.

"आणि एखाद्या दिवशी ही भिंत बिघडली तर?" केतकीने विचारलं.

"भिंत बिघडत नाही, केतकी. ती काय पंखा आहे?"

"तेव्हा पंखाच होता," ती म्हणाली. "माझं एक लेकरू उकाड्याने गेलं. आता दोघं सोबत जातील, असंच म्हणून राहिले ना तुम्ही?"

निरंजन उठून बाहेर गेला. परत आला तो कामाचं बोलू लागला. पश्चिमेची खोली आपण तापती करू, म्हणाला. त्याने त्या खोलीचा मिठाचा गिलावा खरवडून काढला, साधी वीट उघडी केली, बाहेरचा पापुद्रा सोलला, तिची यंत्रणा तोडून खिडकीला उघडता येणारं तावदान बसवलं. समिती आधी नाही म्हणाली, कारण एका खोलीच्या उकाड्याने शेजारच्या भिंतींतलं मीठ लवकर वितळतं. ज्या घरांत दिवस गेलेल्या बायका होत्या ती माणसं निरंजनच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. ती खोली आणि बाकीचं घर यांच्यामध्ये त्याने जाड दार बसवलं, कडांना रबर लावलं. दारात रुंजीच्या उंचीवर एक दुहेरी काच बसवली, आई दिसावी म्हणून.

जूनच्या आरंभी अगस्त्य, आमचा आगू, जन्मला. केतकी त्याला घेऊन त्या खोलीत राहू लागली, आणि सुनंदाबाई गावाहून मदतीला आल्या.

मी ती खोली पाहिली आहे. दुपारी आत गेलं की श्वास अडकायचा. केतकी बाळाला मांडीवर घेऊन बसायची, खिडकीला ओला पडदा, बाळाच्या अंगावर नुसतं लंगोट. दर थोड्या वेळाने ती त्याच्या टाळूला, पाठीला, तळव्यांना हात लावून बघायची. ज्या उकाड्याने तिचं पहिलं बाळ नेलं, तोच उकाडा ती या बाळाला मोजूनमापून पाजत होती. तिचा चेहरा त्या दिवसांत कसा असायचा ते मला लिहिता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. केतकीने मला आत बोलावून ते दाखवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. घामोळ्यासाठी आनंदाने रडलेली बाई माझ्या पाहण्यात ती एकटीच.

आणि दाराच्या अलीकडे रुंजी. बालवाडीतून आली की दप्तर टाकून ती काचेला नाक लावून उभी राहायची. केतकी सकाळी आणि संध्याकाळी बाळाला आजीकडे किंवा माझ्याकडे देऊन बाहेर यायची, तिला भरवायची, वेणी घालायची. पण दूध पिणारं बाळ घड्याळ मानत नाही. दोन घास झाले की आतून रडणं ऐकू यायचं, आणि केतकी उठायची. रुंजी हट्ट करायची नाही, हेच मला जास्त लागायचं. ती पुन्हा काचेपाशी जायची आणि दिवसभरात काय झालं ते काचेला सांगायची. बाळाचं रडणं सोडलं तर दारातून आवाज आरपार जात नसे. केतकी तिकडून नुसती मान हलवायची.

ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुपारच्या वेळी, मी बाजारात गेले होते आणि सुनंदाबाई स्वयंपाकघरात होत्या. रुंजीने खुर्ची ओढली, दाराची कडी काढली आणि आत गेली. केतकी बाळाला पाजता पाजता झोपली होती, किती रात्रींची जागरणं होती तिची. रुंजीने आवाज केला नाही. आईच्या पाठीला पाठ लावून ती निजली. एवढंच तिला पाहिजे होतं.

केतकीला जाग आली ती पाठीला चटका बसल्यामुळे.

त्या वेळी रुंजी आठ दिवस दवाखान्यात होती. तिच्या उजव्या हाताची पकड तेव्हापासून थोडी सैल आहे. डॉक्टर तस्नीम म्हणाल्या, तिसऱ्यांदा मी हमी देणार नाही. निरंजनने दाराला कुलूप लावलं. रुंजी घरी आल्यावर पहिल्यांदा त्या दारापाशीच गेली, कुलपाला हात लावून पाहिला आणि तिथेच खाली बसली.

दिवाळीच्या आधी केतकी माझ्याकडे खाली आली. बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"ताई, मी आगूला घेऊन गावाला जाऊन राहिली."

"किती दिवस?"

"त्याची अडीच वर्षं होतपर्यंत. थंडीत येत जाईन."

मी तिला खूप बोलले. चार वर्षांची नाही झाली ती पोर, तिला टाकून जाशील? कुलूप आहे, निरंजन आहे, मी आहे, आपण लक्ष ठेवू. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कुलूप लावलं तरी ती दारापाशीच बसते," ती म्हणाली. "मी दिसते तोवर ती तिथून उठायची नाही. गाव दूर आहे, ताई. तिथे तिला चालत येता येणार नाही. तुम्ही तिला सांभाळा. माझ्याबद्दल काही वाईट सांगू नका, एवढंच."

मग ती गेली.

पहिलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. साठीला टेकल्यावर वेण्या घालायला शिकले. रोज संध्याकाळी पडद्यावर आई दिसायची, आगू दिसायचा, सुनंदाबाई दिसायच्या. पण मागे कडुनिंब, वाऱ्याने हलणारे कपडे, उघडं दार हे सगळं दिसायचं, आणि रुंजी आईपेक्षा त्या उघड्या दाराकडे जास्त बघायची. निरंजन दुसऱ्या शहरांतल्या इमारतींसाठी नवे आराखडे करू लागला. प्रत्येक घरात लेकरांसाठी एक तापती खोली, तीन वर्षं वयापर्यंत. लोक त्याला मान द्यायचे. घरी आला की तो पश्चिमेच्या खोलीत जाऊन बसायचा आणि घामाघूम होऊन बाहेर यायचा.

दुसऱ्या थंडीत केतकी आली तेव्हा आगू दीड वर्षाचा, दणकट आणि पळणारा होता. डिसेंबरमध्ये तापत्या खोलीचं दार उघडं, घर सगळं एक. भावंडं दिवसभर एकमेकांच्या मागे धावत. एकदा धावून धावून आगू रुंजीच्या अंगावर पडला. तिने त्याच्या केसांना हात लावला, मग कपाळाला, मग स्वतःची ओली बोटं बघितली.

"आत्या, याला पाणी कोणी लावलं?"

केतकी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती तशीच आत वळली. मी रुंजीला सांगितलं की ते त्याचं त्याचंच पाणी आहे. तिने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला आणि ती बोटंही बघितली.

फेब्रुवारी संपला, पण केतकी निघेना. आज राहते, होळी होऊ दे, असं चाललं होतं. शेवटचाच उन्हाळा राहिला होता. एकदा ती मला म्हणाली, पुरेशा जाग्या झाल्या असतील ना, ताई? डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणता आलं असतं. पण पुरेशा म्हणजे किती, हे मोजून सांगता येत नाही, आणि जो उन्हाळा चुकेल तो परत येणार नाही. तरी केतकीची पिशवी भरली जात नव्हती. नऊ महिन्यांच्या विरहानंतर मिळालेली पोर आता तिच्या कुशीत निजत होती, तिच्या हातून जेवत होती. ती कुशी सोडवेना तिला. आणि सोडली नाही तर एक दिवस आगूचीही पाठ तशीच कोरी राहील, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

मुख्य दाराजवळ बाहेरचं तापमान दाखवणारी पाटी आहे. रुंजीला आकडे वाचता येऊ लागले होते. त्या सकाळी ती बालवाडीच्या वाटेवरून परत वर आली. आम्ही सगळे चहा घेत होतो. ती सरळ केतकीपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, बाहेर अडतीस झालं. तू आता जा."

केतकीने कप खाली ठेवला. "का गं? तुला आई नको?"

"आगूला गरम पाहिजे," रुंजी म्हणाली. ती नीट विचार करून आली होती, बोटांवर मोजत बोलत होती. "मला थंड पाहिजे. आई एकच आहे. मी मोठी आहे, मी थांबते."

केतकीने तिला जवळ ओढलं ते इतकं घट्ट, की पोर ओरडली. मग ती उठली आणि पिशवी भरली. दुपारच्या आत निघायचं होतं. निरंजन आगूला घेऊन पुढे गाडीकडे गेला.

आतलं दार बंद झालं. काचेतून केतकी दोन दारांच्या मधे उभी दिसत होती, आमच्याकडे तोंड करून. मग बाहेरचं दार उघडलं, तिची ओढणी वाऱ्याने उडाली आणि ती वळून पायऱ्या उतरली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत रुंजी हात हलवत होती. रडली नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने तिच्या सैल पकडीच्या हाताने माझं बोट धरलं.

"आत्या, मी बरोबर सांगितलं ना?"

मी हो म्हटलं. मग तिला बालवाडीत सोडून वर आले आणि दार लावून घेऊन रडले.